छायाचित्रातील जमा आणि नावे




या सदरात मी सहसा ठेवी, वारसनोंद, विमा आणि जामीनकी यांच्यापलीकडे जात नाही. निवृत्त बँक अधिकाऱ्याने आपल्या कुंपणात राहावे हे बरे. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझी भाची इतवारीहून वाडीला आमच्या घरी आली आणि तिने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. तो वरकरणी सौंदर्याचा होता, मुळात मात्र तपासणीचा होता, आणि तपासणी हा माझा छत्तीस वर्षांचा व्यवसाय. हा मजकूर छापण्यास तिची संमती आहे. तिने तो वाचून दोन ठिकाणी मला दुरुस्तही केले आहे.

मुलगी सव्वीस वर्षांची. वडिलांच्या धान्याच्या पेढीचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे तीच सांभाळते. दिवाळीनंतर एका स्थळाकडून नकार आला. ‘योग दिसत नाही’ असे कळवण्यात आले होते. मध्यस्थ बाईंनी मात्र खरे कारण ताईच्या कानावर घातले. फोटोत मुलीचे नाक रुंद वाटते, वर उंचवटाही आहे, असे त्या घरी बोलणे झाले होते. ताईने ते पोटात ठेवायला हवे होते. तिला ते जमले नाही.

त्यानंतर चार महिने मुलगी काही बोलली नाही. मग एका रविवारी दुपारी आली आणि तिने माझ्यासमोर फोन ठेवला. नाकाची शस्त्रक्रिया करणाऱ्या काही दवाखान्यांची छायाचित्रे तिने जमवली होती. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, अशा चाळीस जोड्या.

“मामा, तुम्ही आयुष्यभर लोकांचे कागद तपासलेत. हे तपासून द्या. पैसे माझे आहेत, बाबांचे नाहीत.”

मी म्हणालो, “बाळ, तुझे नाक तुझ्या आजीचे आहे. माझ्या आईचे.”

“ते मला ठाऊक आहे, मामा. ते विचारायला मी आलेले नाही.”

हे तिचे मला पहिले दुरुस्त करणे. मी गप्प बसलो आणि चष्मा पुसला.

त्या जोड्या पाहताना माझ्या डोळ्यांपुढे सारखे एक गोदाम येत होते. ते आधी सांगतो. नोकरीच्या मधल्या काळात मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथे डाळींच्या एका व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते होते. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट येई आणि तिमाहीत एकदा गोदामाची पाहणी करावी लागे. एका पावसाळ्यात पूल पाण्याखाली होता, शाखेत माणसे कमी होती. त्या गृहस्थांनी स्वतःहून गोदामाची छायाचित्रे आणून दिली. छतापर्यंत तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या, पोत्यांवर शिक्के, दाराशी हमाल उभा. फोटो उत्तम होते. मी पाहणी अहवालाला ते जोडले आणि सही केली. पुढे खाते बुडाले तेव्हा आम्ही गोदामात शिरलो. दारातून दिसणाऱ्या तीन रांगा तुरीच्या होत्या. त्यांच्या मागची पोती भुशाची होती.

त्या फोटोत खोटे काहीच नव्हते, हे लक्षात घ्या. पोती होती, तूरही होती. फोटो कुठे उभे राहून काढायचा हे मात्र ज्याला कर्ज हवे होते त्याने ठरवले होते. माझी एक वेतनवाढ थांबली. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या शेजारच्या किराणा दुकानदाराचे दुकान गेले. त्याचा चेहरा मला आजही आठवतो; कर्जदाराचा आठवत नाही.

म्हणून मी भाचीला म्हटले की यातले कोणते फोटो खोटे आहेत हे आपण शोधायला नको. प्रत्येक जोडी काढताना कॅमेरा कुठे होता आणि दोन फोटोंमध्ये शस्त्रक्रियेखेरीज आणखी काय बदलले आहे, एवढेच पाहू. जुन्या खतावणीच्या कागदावर तिने रकाने आखले. घरची मंडळी झोपली होती. आम्ही मामा-भाची चहावर चहा पीत चाळीस चेहरे तपासत बसलो.

पहिला रकाना प्रकाशाचा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली कोणताही चेहरा थकलेला दिसतो. नाकाच्या उंचवट्याची सावली खाली पडते, डोळ्यांखाली काळे दिसते, गालांवरचे मुरमांचे खड्डे खोल वाटतात. तोच चेहरा खिडकीसमोर किंवा समोरून पडणाऱ्या मऊ उजेडात घेतला की यातले निम्मे आपोआप नाहीसे होते, आणि त्याला चाकू लागत नाही. कितीतरी जोड्यांत ‘आधी’चा फोटो पिवळट आणि ‘नंतर’चा गोरा होता. भिंतीचा रंग पाहिला की हे लगेच कळते. त्वचा सुधारली असे म्हणता येईल, परंतु भिंतीवर तर कोणी उपचार केलेला नसतो.

दुसरा रकाना मानेचा. नाकाच्या शस्त्रक्रियेत हा फार महत्त्वाचा. हनुवटी थोडी खाली केली की नाकाचा शेंडा लोंबल्यासारखा वाटतो, थोडी वर केली की तेच नाक आखूड आणि टोकदार भासते. म्हणून या शास्त्रात एक नियम आहे: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जमिनीला समांतर एका रेषेत असावी, दोन्ही फोटोंत. भाचीने फोनच्या पडद्यावर पट्टी धरून ती रेषा पाहिली आणि बऱ्याच जोड्या तिथेच बाद केल्या. हसण्याचेही तसेच. हसताना नाकाचा शेंडा खाली ओढला जातो आणि नाकपुड्या पसरतात. ‘आधी’ हसरी आणि ‘नंतर’ गंभीर अशी जोडी असेल तर फरकातला किती वाटा शल्यचिकित्सकाचा आणि किती ओठांचा, हे कोण सांगणार? दुहेरी हनुवटीचे फोटो पाहतानाही हे लक्षात असू द्यावे, कारण मान पुढे काढली की हनुवटीखालची चरबी क्षणात कमी दिसते.

केशरोपणाच्या जोड्या तिच्या संग्रहात नव्हत्या, परंतु आमच्या समाजातल्या तरुण मुलांसाठी सांगतो. तिथे ‘आधी’चे केस ओले, आखूड आणि मागे वळवलेले असतात, ‘नंतर’चे कोरडे, लांब आणि पुढे विंचरलेले. हे कोणत्याही न्हाव्याला दहा मिनिटांत करता येते.

तिसऱ्या रकान्यापाशी आम्ही थांबलो, कारण तिथे प्रश्न दवाखान्यांकडून आमच्याच घराकडे वळला. तो रकाना अंतराचा. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असेल तर जे सर्वांत पुढे आहे ते फुगून दिसते, आणि चेहऱ्यावर सर्वांत पुढे नाकच असते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याचे गणित मांडले. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे तीस टक्के जास्त भासते. हाताच्या अंतरावरून स्वतःचा फोटो काढणे म्हणजे जवळपास हेच. एखाद्या जोडीत ‘आधी’ जवळून आणि ‘नंतर’ लांबून घेतले असेल तर नाक दवाखान्याच्या दारातच बारीक होते. हे ओळखायचे तर कान पाहावेत. जवळून काढलेल्या फोटोत कान गालांच्या मागे लपतात, लांबून काढलेल्यात ते पूर्ण दिसतात.

भाची एकदम उठली आणि तिने स्वतःचा बायोडाटा उघडला. त्यावरचा फोटो तिने स्वतःच, स्वतःच्या हाताने, एका लग्नात काढलेला होता. आजूबाजूच्या मैत्रिणी कापून टाकलेल्या. कान दिसतच नव्हते.

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. माझ्या मुलाचा जुना कॅमेरा कपाटात होता. पुढच्या खोलीत उत्तरेची खिडकी आहे, तिच्यापाशी खुर्ची ठेवली. खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूने रेघ मारली आणि सात फुटांवर माझ्या उभे राहण्याच्या जागी दुसरी. मान सरळ, चेहरा शांत. समोरून, दोन्ही बाजूंनी, अर्ध्या वळणातून आणि खालून असे फोटो काढले. पडद्यावर ते पाहून ती बराच वेळ बसली.

मला वाटले, प्रश्न मिटला. मी तसे म्हणूनही बसलो. हे तिचे मला दुसरे दुरुस्त करणे. “रुंद दिसते ते फोटोमुळे होते, हे खरे, मामा. पण उंचवटा आहे. बाजूच्या फोटोत तो आहेच, आणि तो मला त्या लोकांच्या आधीपासून, शाळेपासून नको आहे.” काकांनी आणि मामांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. मुलीच्या मनात काय आहे ते आपण तिच्या वतीने ठरवून टाकतो, ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे.

उंचवटा हवा की नको, हा निर्णय तिचा. फोटोंवर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच माझा विषय उरला. त्या संध्याकाळी मी तिला पुण्याच्या एका चित्राची गोष्ट सांगितली. नाकाच्या शस्त्रक्रियेचे जगातले सर्वांत प्रसिद्ध ‘नंतर’चे चित्र आपल्या महाराष्ट्रातले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आहे. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ मारून कातडी सोडवायची, भुवयांच्या मधला एक धागा मात्र तसाच ठेवायचा आणि कातडी फिरवून खाली बसवायची, ही त्याची पद्धत. पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातल्या आधुनिक नासिका-शस्त्रक्रियेची सुरुवात इथून झाली.

त्या चित्रासोबत ‘आधी’चे चित्र नव्हते. तरी परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या शल्यचिकित्सकांनी त्यावर विश्वास ठेवला. का, याचा मी पुष्कळ विचार केला. हकिगतीत मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे दिली होती, ज्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. कृती पायरीपायरीने, आकृत्यांसह दिली होती. कोणालाही ती करून पाहता आली असती. आणि माझ्यासारख्या हिशेबनिसाला सर्वांत भावते ते हे की चित्रात कपाळावरचा व्रणही दाखवला आहे. नाक कुठून आले ते चित्रातच दिसते.

आपल्या रोजमेळात जे आले ते जमेला आणि जे गेले ते नावे. (एम.कॉम.ला शिकलेला डेबिट-क्रेडिटचा नियम या ठिकाणी थोडा वेगळा लागतो. पण मी पेढीच्या भाषेत बोलतो आहे.) कावसजीच्या चित्रात दोन्ही बाजू आहेत. नाक जमेला, कपाळ नावे. आजच्या जोड्यांत फक्त जमेची बाजू छापलेली असते. ज्या वहीत नावेची बाजू कोरी आहे, ती वही कोणत्याही मुनीमाने एका नजरेत परत केली असती.

भाचीने मग चौथा रकाना आखला आणि त्यावर ‘नावे’ असे लिहिले. नाकाच्या शस्त्रक्रियेत दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या कडेवर अनेकदा छोटा छेद असतो. तो खालून काढलेल्या फोटोतच दिसतो. खालून काढलेला फोटो किती जोड्यांत होता? अगदी थोड्या. श्वास मोकळा आहे की नाही, हे तर कोणत्याच फोटोत दिसत नाही. केशरोपणात मागून काढलेले केस परत उगवत नाहीत, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूचा, केस बारीक कापलेला फोटो मागावा. पोटाची चरबी काढली असेल तर नळी घातलेल्या जागांचे व्रण, चेहरा ताणला असेल तर कानाच्या पुढची आणि मागची रेघ. हे दाखवायला जो तयार आहे त्याच्या जमेच्या बाजूला वजन येते.

पाचवा रकाना तारखेचा, आणि बँकेतल्या माणसाला तो सर्वांत ओळखीचा. एकतीस मार्चला कोणाचाही ताळेबंद देखणा असतो. आदल्या आठवड्यात उधारी वसूल दाखवायची, देणी पुढच्या महिन्यात ढकलायची, बँकेत चार दिवसांसाठी पैसे आणून ठेवायचे. आम्ही ऑडिटला ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणून नोंदवीत असू. एप्रिलचा उतारा मागितला की खरे रूप दिसे. शरीराचेही एकतीस मार्च असतात. नाकाची सूज उतरायला महिने लागतात, शेंडा स्थिरावायला वर्षभर किंवा त्याहून अधिक. तीन आठवड्यांच्या फोटोत दिसते ते अंतिम नाक नव्हे. व्रण आधी लालसर असतो आणि वर्ष-दीड वर्षाने फिका पडतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत तो काही जणांना जाड किंवा काळपटही राहतो, म्हणून परदेशी चेहऱ्यांचे फोटो आपल्याला फारसे उपयोगी नाहीत. भरावाची इंजेक्शने दिल्याबरोबर काढलेल्या फोटोत सूजही भरावातच मोजली जाते, आणि सुरकुत्यांवरच्या बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि खरा निकाल वर्षाच्या आसपास कळतो. तारीख नसलेला फोटो म्हणजे तारीख नसलेला धनादेश.

अंधार पडेपर्यंत चाळीसपैकी नऊ जोड्या उरल्या. बाकीच्या खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यावरून काही ठरवता येत नव्हते एवढेच. एका जोडीत चेहऱ्यामागच्या दाराची चौकट नाकाच्या उंचीवर किंचित वाकलेली होती, तिथे मात्र संशय धरावा लागला. चित्र संगणकावर ओढले की मागची सरळ रेघही ओढली जाते. आणखी एक जोडी दोन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या नावाखाली सापडली. फोनवर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आहे, ती भाचीने वापरली. हे मला तिच्याकडून शिकायला मिळाले.

कायद्याकडे एक दृष्टी टाकू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपल्या रुग्णांची, शस्त्रक्रियांची किंवा बऱ्या केलेल्या आजारांची बढाई मारू नये आणि तसे वृत्त प्रसिद्ध होऊ देऊ नये. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम जाहीर झाले आणि त्याच महिन्यात स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले. तेव्हा भिंतभर फोटो लावणे हाच पात्रतेचा पुरावा, असे समजण्याचे कारण नाही. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पदवी नव्हे. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी., त्वचेच्या आणि केसांच्या कामासाठी त्वचारोगशास्त्रातील एम.डी. किंवा डी.एन.बी., या पदव्या पाहाव्यात आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी तपासावी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सप्टेंबर २०२२ मध्ये बजावून सांगावे लागले की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून केशरोपण शिकता येत नाही. त्याआधी २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला होता. भूल कोण देणार, काही बिघडले तर अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे, हे कोणत्याही जोडीत दिसत नाही.

आपण नागपूरकर याबाबतीत दुर्दैवी नाही. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातल्या अशा अगदी पहिल्या विभागांपैकी एक. शिकलेली माणसे शहरात आहेत. ती शोधावी लागतात, कारण ती फोटो कमी लावतात.

आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. कोट घातलेल्या एका सल्लागार मुलीने भाचीचा फोटो संगणकावर घेतला, नाक बारीक केले आणि “मॅडम, असे दिसेल” म्हणून दाखवले. सवलत महिनाअखेरपर्यंत होती. कर्ज मागताना लोक पुढच्या तीन वर्षांचा अंदाजित ताळेबंद आणीत, तसेच ते चित्र. त्यात तोटा कधीच नसे. आम्ही नऊ जोड्यांच्या तारखा विचारल्या तेव्हा ती मुलगी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसरे डॉक्टर रामदासपेठेतले. प्रतीक्षागृहात एकही फोटो नव्हता, फक्त एक दिनदर्शिका आणि झाडाची कुंडी. भाचीने आपली खतावणी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, हसले आणि म्हणाले, “हे कोणी आखून दिले?” तिने माझ्याकडे बोट दाखवले, मला थोडे संकोचल्यासारखे झाले. त्यांनी चेहऱ्यांची ओळख झाकलेले पाच संच दाखवले. पाठीमागे एकच निळा पडदा, एकच अंतर, खालून काढलेला फोटोही, आणि प्रत्येकावर तारीख: आधी, तीन महिने, एक वर्ष. मग भाचीने ठरवून आणलेला प्रश्न विचारला. “सर, मनासारखे झाले नाही असा एखादा दाखवाल का?”

क्षणभर ते थांबले. नंतर त्यांनी सहावा संच उघडला. शेंडा एका बाजूला कललेला राहिला होता. पुढच्या वर्षी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली होती. हे शंभरातल्या काही जणांच्या वाट्याला येते, तुमच्याही येऊ शकते, असे ते शांतपणे म्हणाले. माझ्या नोकरीत स्वतःच्या थकीत खात्यांची यादी स्वतःहून पुढे करणारे कर्जदार मला दोन-तीनच भेटले. त्यांना मी कधी नाही म्हटले नाही.

आठ दिवसांनी त्यांच्या एका जुन्या रुग्णाने, स्वतःच्या इच्छेने, भाचीशी फोनवर बोलणे केले. काय बोलणे झाले ते मला पूर्ण ठाऊक नाही. वरचा ओठ आणि नाकाचा शेंडा काही महिने बधिर होता, असे तिने सांगितल्याचे मात्र कळले. भाचीने ते खतावणीत ‘नावे’च्या रकान्यात टिपून ठेवले.

शस्त्रक्रिया पर्युषणानंतरच्या महिन्यात ठरली आहे. ताई अजून नाराज आहे. भाऊजी काही म्हणत नाहीत, पण परवा दुकानात एका ग्राहकाशी बोलताना त्यांनी मुलीच्या त्या वहीचे कौतुक केल्याचे समजले. बायोडाट्यावरचा जुना फोटो तिने काढून टाकला आहे आणि त्या जागी खिडकीपाशी काढलेला लावला आहे, उंचवट्यासकट. दोन स्थळांकडून विचारणा आली आहे. तिने दोघांनाही शस्त्रक्रियेचे आधीच कळवले.

मागच्या रविवारी ती पुन्हा वाडीला येऊन गेली. जाताना माझ्या पत्नीला म्हणाली, “मामी, पुढच्या वर्षी याच महिन्यात मामा माझे फोटो काढणार आहेत, याच खुर्चीत. फरशीवरची रेघ पुसू देऊ नका.” आमच्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते आणि खडू त्यात टिकत नाही. म्हणून त्या संध्याकाळी मी दत्तवाडीच्या रंगाच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणला आणि गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या चारही पायांभोवती रेघा पक्क्या केल्या.